थरयुक्त अतिसंवाहक आणि ‘स्यूडोगॅप’ या शब्दाचा गुंता

थरयुक्त अतिसंवाहकांचा, म्हणजे ठरावीक ‘संक्रमण’ तापमानाखाली विद्युतरोध नाहीसा होणाऱ्या थरदार पदार्थांचा, विचार ताम्र-ऑक्साइडांच्या आधीचा आहे. १९७० च्या सुमारास टँटलम डायसल्फाइडच्या थरांमध्ये सेंद्रिय रेणू सारून थर एकमेकांपासून दूर केले, तरी अतिसंवाहकता टिकली. मात्र या विषयाला खरी गती १९८६ मध्ये ताम्र-ऑक्साइडांत अतिसंवाहकता सापडल्यानंतर आली.

बिस्मथयुक्त ताम्र-ऑक्साइडाचा स्फटिक चिकटपट्टीने अभ्रकासारखा सोलता येतो. त्याची थरांना लंब दिशेतील रोधकता समांतर दिशेपेक्षा हजारो पटींनी जास्त भरते. १९९२ मध्ये लंब दिशेने प्रवाह सोडल्यावर विद्युतदाबाच्या आलेखात एकामागून एक फांद्या उमटल्या, कारण सुमारे १.५ नॅनोमीटर अंतरावरच्या थरांमधली प्रत्येक फट स्वतंत्र जोसेफसन संधीसारखी (दोन अतिसंवाहकांमधल्या पातळ अडथळ्यातून प्रवाह वाहू देणाऱ्या जोडासारखी) वागत होती.

खरा गुंता ‘स्यूडोगॅप’ (आभासी ऊर्जा-फट) या शब्दाने झाला. १९८९ मध्ये विवरांचे (इलेक्ट्रॉन काढल्याने उरणाऱ्या रिकाम्या जागांचे) प्रमाण कमी असलेल्या इट्रियमयुक्त ताम्र-ऑक्साइडात, संक्रमण तापमानाच्या बरेच वर, अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनादाचे संकेत क्षीण होताना दिसले. तेव्हा त्याला ‘स्पिन-गॅप’ (इलेक्ट्रॉनांच्या चुंबकीय प्रतिसादातली फट) म्हणत. १९९६ मध्ये प्रकाश-उत्सर्जनाच्या (प्रकाश पाडून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजण्याच्या) मापनांत इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतच फट आढळली आणि तिची दिशेनुसार बदलणारी घडण अतिसंवाहक फटीसारखीच निघाली. पुढे ही दोन्ही निरीक्षणे एकाच नावाखाली आली, आणि त्या नावातून एक निष्कर्षही नकळत रुजला: इलेक्ट्रॉनांच्या जोड्या आधी जुळतात, त्यांच्या कला (त्यांच्या तरंगांचे टप्पे) मागाहून एकसूत्री होतात. संघनिताची (एकसूत्री झालेल्या जोड्यांच्या सामूहिक अवस्थेची) घनता इथे मुळातच कमी असल्याने कला सहज विस्कटाव्यात हे पटण्याजोगे होते. २००० मध्ये नर्न्स्ट परिणामात (चुंबकीय क्षेत्रात तापमान-फरकामुळे आडवा विद्युतदाब निर्माण होण्यात) संक्रमणाच्या खूप वरही अतिसंवाहक प्रवाहाच्या भोवऱ्यांसारखा संकेत मिळाला, तेव्हा अनेकांना प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पण नंतर असा संकेत पट्टेदार विद्युतभार-रचनेतूनही उद्भवू शकतो असे दिसले, तर उच्च वारंवारतेच्या वहन-मापनांत संघनिताचे चढउतार काही पदार्थांत संक्रमणाच्या वर पंधरा-वीस केल्विनमध्येच विरले. मला वाटते, स्यूडोगॅप हे इलेक्ट्रॉनांना उपलब्ध असलेल्या अवस्थांच्या घटलेल्या घनतेचे नाव म्हणूनच वापरावे. जोड्यांचा पुरावा म्हणून वापरणे ही घाई होती.

जोड्या आणि कला यांची फारकत अधिक स्वच्छपणे दाखवणारे उदाहरण २००७ मध्ये मिळाले. एकअष्टमांश विवर-प्रमाणाच्या लँथनम-बेरियमयुक्त ताम्र-ऑक्साइडात थरांच्या समांतर रोध सुमारे ४० केल्विनला कोसळला, पण पूर्ण त्रिमितीय अतिसंवाहकता त्याहून बरीच खाली येईपर्यंत प्रकट झाली नाही. प्रत्येक थरात संघनित तयार होत होते, मात्र लगतच्या थरांमधला जोसेफसन प्रवाह जवळपास बंद होता.