फोर्क झालेल्या कॉलमध्ये ब्रँच ओळखायची कशी: पार्श्वभूमी

एकाच खात्यावर डेस्कफोन, मोबाइल ॲप आणि सॉफ्टफोन नोंदलेले असले की एसआयपी (इंटरनेटवरून कॉल जोडण्याची पद्धत) प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, आलेल्या एका इन्व्हाइटचे (कॉलच्या विनंतीचे) तीन करून पाठवते. ह्यालाच फोर्क म्हणतात. परत आलेलं ४८६ (फोन बिझी) हे उत्तर त्यातल्या कुठल्या वाटेनं आलं, हे विनंतीचा प्रवास नोंदवणाऱ्या व्हाया हेडरमधला ब्रँच पॅरामीटर सांगतो. फोन उत्तरात व्हायाच्या ओळी जशाच्या तशा परत लावतो. प्रॉक्सी सगळ्यात वरच्या ओळीत स्वतःची ब्रँच ओळखते, ती ओळ काढते आणि उरलेलं उत्तर मागे धाडते.

आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज. एसआयपीच्या मार्च १९९९ च्या आरएफसी २५४३ मध्ये ब्रँच होती, पण तिच्याकडून अपेक्षा माफक होती. एकाच विनंतीच्या फोर्क केलेल्या प्रती एकमेकींपासून वेगळ्या कळल्या की पुरे. ट्रान्झॅक्शन (एक विनंती आणि तिची उत्तरं) जुळवायला कॉल-आयडी, सीसेक, फ्रॉम, टू असे सगळे हेडर ताडून बघावे लागत. जून २००२ च्या आरएफसी ३२६१ नं प्रत्येक ब्रँच कुठेही, कधीही पुन्हा न येणारी असावी असं बंधन घातलं आणि ती ओळखता यावी म्हणून सुरुवातीची सात अक्षरं ठरवून दिली: झेड९एचजी४बीके (z9hG4bK). जुन्या नियमांवर चालणारं सॉफ्टवेअर योगायोगानं हीच अक्षरं निवडेल ही शक्यता नगण्य, म्हणून सात. कॅन्सल (वाजता कॉल थांबवणारी विनंती) इन्व्हाइटचीच ब्रँच वापरतो, ४८६ सारख्या नकाराचा ॲकही (उत्तर मिळाल्याची पोच) तीच. २०० चा, म्हणजे कॉल उचलल्याच्या उत्तराचा, ॲक मात्र नवी ब्रँच घेतो, कारण तो वेगळा ट्रान्झॅक्शन असतो. संदेशांची नोंद (ट्रेस) वाचताना हमखास गोंधळ होतो तो इथेच.

बर्लिनच्या फ्राउनहोफर फोकसमध्ये तयार झालेल्या एसआयपी एक्सप्रेस राउटरच्या वंशातल्या कमाइलिओ ह्या एसआयपी सर्व्हरमध्ये ब्रँचच्या शेवटी टिंब देऊन क्रमांक येतो: .०, .१, .२. त्याच्या सेटिंगमध्ये ठरावीक वेळी चालणाऱ्या भागांना रूट म्हणतात. ब्रँच रूट प्रत्येक प्रत बाहेर पडण्याआधी चालतो. फेल्युअर रूट मात्र सगळ्या ब्रँच संपल्यावर एकदाच चालतो आणि तिथे दिसतं फक्त निवडून आलेलं उत्तर. कुठला फोन बिझी होता हे तिथे शोधण्यात अर्थ नाही. उत्तर आलं की चालणाऱ्या रिप्लाय रूटमध्येच ब्रँचचा क्रमांक आणि उत्तराचा कोड लॉगमध्ये घ्यावा. फेल्युअर रूटमधून व्हॉइसमेलकडे वळवलं तर नवी ब्रँच पुन्हा ० पासून सुरू होत नाही, पुढचा क्रमांक घेते. मूळ सेटिंगमधली १२ ब्रँचची मर्यादाही ह्याच हिशेबात खर्च होते.

एक उत्तर निवडण्याच्या ह्या नियमाचा जुना त्रास आहे. एका फोननं लगेच ४१५ (पाठवलेला मजकुराचा प्रकार चालत नाही) दिलं, पण दुसरा वाजतोच आहे, तर प्रॉक्सी ते ४१५ धरून ठेवते. कॉल करणाऱ्याला दुरुस्त करता आली असती अशी चूक त्याच्यापर्यंत उशिरा पोचते, किंवा पोचतच नाही. डिसेंबर २००२ मध्ये आरएफसी ३३२६ नं रीझन हेडर आणला. त्यानं हा तिढा सुटला नाही. पण कॉल दुसरीकडे उचलला गेला हे कॅन्सलमध्ये सांगता येऊ लागलं, आणि बाकीच्या फोनवर खोटे मिस्ड कॉल दिसणं टाळता आलं.

दोन प्रॉक्सी एकमेकींकडेच फोर्क करत राहिल्या तर मॅक्स-फॉरवर्ड्स (विनंतीनं जास्तीत जास्त किती टप्पे जावं ती मर्यादा) ७० असतानाही प्रती दुपटीनं वाढत जातात. म्हणून डिसेंबर २००८ च्या आरएफसी ५३९३ नं फोर्क करणाऱ्या प्रॉक्सीला लूप तपासणं सक्तीचं केलं आणि एका वेळी किती समांतर ब्रँच असाव्यात ते सांगणारा मॅक्स-ब्रेड्थ आणला. त्याची सुचवलेली सुरुवातीची किंमत ६०. ती समांतर ब्रँचमध्ये वाटून द्यायची.

एवढं होऊनही ब्रँच म्हणजे फोन नव्हे. ती एका टप्प्यापुरती असते. पुढच्या प्रॉक्सीनं पुन्हा फोर्क केलं की आपल्या एकाच ब्रँचवर वेगवेगळ्या टू-टॅगची (उत्तर देणाऱ्या फोनची टू हेडरमधली खूण) १८० (फोन वाजतोय) उत्तरं येतात. म्हणून नोंद ठेवायची ती ब्रँच आणि टू-टॅग ह्या जोडीवर. दोघांनी एकदमच उचललं तर दोन्ही २०० पुढे पाठवावे लागतात; कॉल करणारा दोन्हींना ॲक देतो आणि एकाला बाय (कॉल संपवणारी विनंती) करतो. सप्टेंबर २०१० च्या आरएफसी ६०२६ नं ह्यासाठी पहिल्या २०० नंतरही इन्व्हाइट ट्रान्झॅक्शन ६४ गुणिले टी१ (एसआयपीतला मूळ कालावधी), म्हणजे नेहमीच्या अर्ध्या सेकंदाच्या टी१ नुसार ३२ सेकंद जिवंत ठेवला. बिलिंगची नोंद नुसत्या कॉल-आयडीवर असेल, तर हे दोन कॉल एकमेकांत मिसळतात.