देवळालीचे कापरेकर आणि चार अंकांचा नाद

१९०५ ही संख्या घ्या. तिचे अंक आधी उतरत्या क्रमानं लिहा, मग चढत्या क्रमानं, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. ९५१० − ०१५९ = ९३५१. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच: ९५३१ − १३५९ = ८१७२. मग ८७२१ − १२७८ = ७४४३, ७४४३ − ३४४७ = ३९९६, ९९६३ − ३६९९ = ६२६४, ६६४२ − २४६६ = ४१७६, आणि सातव्या खेपेला ७६४१ − १४६७ = ६१७४. आता ६१७४ वर हीच क्रिया करून पाहा. पुन्हा ६१७४ च येतात. इथून बाहेर पडायला वाट नाही.

१९०५ मी मुद्दाम निवडली. ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं जन्मवर्ष. पण चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत ती ६१७४ वर येऊन थांबते. (उत्तर तीन अंकी आलं तर पुढचं शून्य धरायला विसरू नका.) सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर हा खेळ मी आजही खेळतो. शेवट माहीत असूनही ४१७६ किंवा ८३५२ दिसू लागले की अंगावर रोमांच उभे राहतात, कारण पुढची वजाबाकी घरी पोहोचवणारी असते.

कापरेकर डहाणूचे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, १९२७ साली गणितातल्या स्वतंत्र कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. त्यानंतर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी केली. ना डॉक्टरेट, ना विद्यापीठातली जागा. मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळायचं. दारुड्याला ती नशा सुटू नये असं वाटतं, तसं माझं संख्यांच्या बाबतीत होतं, असं ते म्हणत. ६१७४ चा हा गुण त्यांनी १९४९ साली मांडला. तो त्यांनी कागदावर हातानं वजाबाक्या करून शोधला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

असं का होतं, हे कळायला आठवी-नववीचं बीजगणित पुरतं. उतरत्या क्रमानं लावलेले अंक अ, ब, क, ड समजा. वजाबाकी मांडली की उत्तर नेहमी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) असं येतं. म्हणजे मूळ संख्या कोणतीही असो, उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होऊ शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर भरतात ५४. शून्यापासून ९९९९ पर्यंतच्या दहा हजार संख्यांतून सारख्या अंकांच्या दहा वगळल्या की उरतात ९९९०, आणि पहिल्याच वजाबाकीत त्या सगळ्या ५४ उत्तरांत गोळा होतात. त्यातही पुष्कळ उत्तरांत तेच अंक फक्त जागा बदलून येतात. ते एकत्र धरले तर उरतात अंकांचे अवघे ३० संच. जवळजवळ दहा हजारांचं जंगल एका पानावर मावलं! तिथून पुढे तीस वाटा हातानं तपासायच्या. त्या सगळ्या ६१७४ ला मिळतात.

मला वाटतं, छोट्या विषयात खोल उतरण्याचं खरं सुख याच जागी आहे. रुंद विषयात माणूस कायम दुसऱ्याच्या नकाशावर चालतो. चार अंकी संख्यांसारख्या चिमुकल्या मुलखात मात्र प्रत्येक गल्ली आपल्या पायांनी पाहून होते, आणि तरीही तो मुलूख आपल्याला चकवतो. दोन अंकी संख्यांवर हीच क्रिया केली तर एकच थांबा मिळत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, असा फेरा सुरू होतो. पाच अंकी संख्यांतही एकच ठिकाण नाही, तिथे तीन वेगवेगळे फेरे आहेत. तीन आणि चार अंकांनाच हे भाग्य का, असा प्रश्न एकदा पडला की माणूस त्या नादातून सुटत नाही.

कापरेकर तर कुठेही असले तरी त्यांना संख्या दिसायच्या. १२१, १२३२१, १२३४३२१ अशा चढून उतरणाऱ्या संख्यांच्या कुटुंबाला त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटलं, कारण ती कल्पना त्यांना मुंबईपासून तीस मैलांवरच्या एका रेल्वे स्टेशनावर सुचली. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ पुन्हा ४५; अशा संख्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. २९७ आणि ७०३ यांचे वर्ग करून पाहा.

माझ्या सर्वांत आवडीच्या त्यांच्या स्वयंभू संख्या. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा: २३ + २ + ३ = २८. म्हणजे २३ ही २८ ची जनक. १०१ ला ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत. पण २० चा जनक शोधायला बसा, सापडणार नाही. तीच गत ३१, ४२ आणि ५३ ची. यांना त्यांनी गावाचंही नाव दिलं, देवळाली संख्या. १९७० च्या दशकात याच संख्या कोलंबियातून एका गणिती नियतकालिकात कोडं म्हणून आल्या आणि ‘कोलंबियन संख्या’ हेही नाव रुळलं.

या कामावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. हे सगळं आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून घडतं. दुसऱ्या पद्धतीनं संख्या लिहिल्या तर ६१७४ ची जादू जाते. भारतात त्यांच्या शोधांना बराच काळ करमणुकीपलीकडे किंमत मिळाली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कापरेकर सत्तरीत होते.

पण करमणुकीतून निघालेला प्रश्न किती खोल जाऊ शकतो ते पाहा. अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३, म्हणजे ७ चा घन. ११०, १११, ११२ या लागोपाठ तिन्ही हर्षद आहेत. अशी सलग रांग किती लांब जाईल? १९९३ साली कूपर आणि केनेडी यांनी सिद्ध केलं की वीसपर्यंत. एकविसावी कधीच सापडणार नाही. वीसच्या ज्या रांगा त्यांनी रचून दाखवल्या, त्यांतली सर्वांत लहान संख्याही ४,४३६ कोटींहून अधिक अंकांची आहे.

कापरेकर १९८६ साली देवळालीतच गेले. त्यांच्या पद्धतीची चव घ्यायची असेल तर तीन अंकी संख्यांपासून सुरुवात करा. तिथे वजाबाकीचं उत्तर ९९ × (सर्वांत मोठा अंक − सर्वांत लहान अंक) एवढंच असतं, म्हणजे शक्यता फक्त नऊ: ०९९, १९८, २९७ असं करत ८९१ पर्यंत. या नऊ संख्या वहीत लिहा, प्रत्येकीपासून पुढच्या उत्तराकडे बाण काढा. सगळे बाण ४९५ कडे वळताना दिसतील, आणि अर्ध्या पानात तुमच्या हातची पूर्ण सिद्धता तयार झालेली असेल.