मँटल, भानवस आणि देवळी: सजवायच्या फळीमागची गोष्ट

संभाजीनगरात ताईचा नवा फ्लॅट झाला, आणि इंटेरियरवाल्यानं हॉलमधे टीव्हीच्या भिंतीला फायरप्लेस करून दिला. खरा नाही, प्लायवूडची चौकट, आत एलईडीच्या ज्वाळा, आणि वर पांढरी जाड फळी, तिला तो मँटल म्हणतो. आता त्या फळीवर ठेवायचं काय म्हणून ताई मला फोटोवर फोटो पाठवायली, आणि दाजी विचारायलेत की मे महिन्यात बेचाळीस डिग्रीला भाजणाऱ्या गावात ही वस्तू आली कुठून. दाजींचा प्रश्न मला जास्त आवडला, म्हणून आधी तोच घेते, सजावटीचं त्यातूनच सुटत जातं.

तर सुरुवातीला इंग्लंडातसुद्धा ही फळी नव्हती. मोठ्या घराचा एकच मोठा हॉल असायचा, जाळ हॉलच्या मधोमध जमिनीवर, आणि धूर वर छपरातल्या भोकातनं जायचा. हे वाचलं तेव्हा मला सरळ आजीच्या घरातलं साणं आठवलं. लातूरजवळच्या औशाकडचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, स्वयंपाकघराच्या वर माळवदाला ठेवलेलं ते चौकोनी भोक, त्यातनं धूर वर जायचा आणि दुपारी उन्हाचा पट्टा खाली चुलीजवळ यायचा, पाऊस आला की कुणीतरी धावत माळवदावर जाऊन त्यावर पत्रा नाहीतर घमेलं झाकायचं. इतक्या लांबच्या दोन मुलखांत धुराला वाट द्यायची युक्ती एकच होती.

मग तिकडं जाळ भिंतीकडं सरकला. किल्ल्यांमधे, श्रीमंतांच्या घरांत बाराव्या शतकापासूनच भिंतीतल्या चुली दिसतात. भिंतीजवळ जाळ आला की धूर खोलीत पसरू नये म्हणून वर झाकण लागतं, पुढं आलेलं, टोपडं घातल्यासारखं, आणि ते झाकण पेलायला दोन बाजूंना खांब आणि वर आडवी तुळई. मँटल हा शब्द तिथलाच, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ झगा, अंगावर घ्यायचं वस्त्र. जाळावर पांघरलेलं ते मँटल. म्हणजे जिला आपण आज सजावटीची फळी म्हणतो ती आधी धूर अडवायची सोय होती, वर वस्तू ठेवता येतात हे नंतर लोकांच्या लक्षात आलं.

सामान्य माणसाच्या घरात धुराडं पोचायला मात्र सोळावं शतक उजाडलं. विल्यम हॅरिसन नावाच्या एका पाद्र्यानं १५७७ च्या सुमारास लिहून ठेवलंय की त्याच्या गावातली म्हातारी माणसं सांगतात, आमच्या तरुणपणी गावात दोन-तीन धुराडी असतील नसतील, आता बघावं तिकडं धुराडीच. विटा स्वस्त झाल्या, दगडी कोळसा वापरात आला, आणि कोळशाच्या धुराला नुसतं छपराचं भोक पुरेना. मग १६६२ मधे तिथल्या सरकारनं चुलींवरच कर बसवला, एका चुलीमागं वर्षाला दोन शिलिंग, तो मोजायला माणसं घरात शिरायची म्हणून लोक फार चिडायचे, १६८९ मधे तो रद्द झाला. पण त्यातनं एक कळतं, घरात चुली किती यावरनं घराची ऐपत मोजली जात होती. मग ऐपत दाखवायची जागा पण चुलीच्या वरचीच झाली यात नवल नाही, पाहुणा थंडीचा आला की तो जाळाकडंच तोंड करून बसणार, त्याची नजर तिथंच जाणार.

सजावटीचे जे नियम आज इंटेरियरवाले सांगतात ते बहुतेक सगळे पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांत ठरले, आणि प्रत्येकाला कारण आहे. वर आरसा का? तर सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधे व्हर्सायच्या राजवाड्यात चुलीवर मोठे आरसे बसवायला लागले, विजेचे दिवे नव्हते, मेणबत्त्या फळीवर लावल्या की आरशात त्या दुप्पट व्हायच्या आणि खोली उजळायची. पाच वस्तूंचा सेट का? चीनमधनं जहाजांनी निळी-पांढरी चिनी मातीची भांडी यायला लागली, ती इतकी महाग की वापरायची सोय नाही, मग ती फळीवर मांडून ठेवायची. तीन झाकणाच्या बरण्या आणि दोन उंच फुलदाण्या, असा तो पाचाचा सेट ठरला, हॉलंडातल्या डेल्फ्टच्या कुंभारांनी त्याच्या नकला केल्या. मधे उंच, दोन बाजूंना सारखं, हा तोल तिथनं आला.

अठराव्या शतकात रॉबर्ट अ‍ॅडमसारखे वास्तुकार आले, त्यांनी मँटल संगमरवरात घडवलं, त्यावर ग्रीक-रोमन नक्षी, आणि फळीवर ठेवायला जोसाया वेजवूडच्या कारखान्यातल्या फुलदाण्या. पिरानेसी या इटालियन चित्रकारानं तर १७६९ मधे निव्वळ फायरप्लेस सजवायच्या नक्षांचा ग्रंथच छापला. मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो काउंट रमफर्ड. या माणसानं १७९६ मधे चुलीचं शास्त्र मांडलं, चूल उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा म्हणजे उष्णता खोलीत येईल, आणि धुराड्याचा गळा अरुंद करा म्हणजे धूर मागं न येता वर ओढला जाईल. चांगली चूल म्हणजे कमी काजळी, आणि काजळी कमी झाल्याशिवाय वरच्या फळीवर नाजूक वस्तू टिकणार कशा? सजावटीच्या फोटोंखाली हे कुणी सांगत नाही.

नंतर व्हिक्टोरिया राणीच्या काळात फळी भरूनच गेली, मधे घड्याळ, दोन बाजूंना स्टॅफर्डशायरची चिनी मातीची कुत्र्यांची जोडी, फळीवर झालरीचं मखमली कापड, आलेली आमंत्रणं टेकवलेली. या सगळ्याचा घात झाला तो कोळशानं. डिसेंबर १९५२ मधे लंडनवर पाच दिवस धुराचं दाट धुकं बसलं, त्यात चार हजारांवर माणसं गेली असा तेव्हाचाच अंदाज होता, मग १९५६ मधे हवा स्वच्छ ठेवायचा कायदा झाला आणि घराघरातला कोळशाचा जाळ हळूहळू विझला. जाळ गेला, फळी राहिली. ताईच्या हॉलमधे आलीय ती ही, जाळाशिवायची.

आता आपल्याकडं येते. आपल्या घरात जाळ हॉलमधे कधीच आला नाही, तो स्वयंपाकघरातच राहिला, आणि शेकोटी बाहेर, अंगणात नाहीतर पाराजवळ. परभणीचा पारा हिवाळ्यात कितीही खाली जाऊ दे, ती थंडी पहाटेपुरती, दहा वाजता ऊन चटके द्यायला लागतं, त्यासाठी भिंतीत धुराडं कोण बांधणार. पण म्हणून चुलीशेजारची फळी आपल्याकडं नव्हती असं नाही. चुलीच्या मागं मातीचाच बसका ओटा असायचा, भानवस. आजीच्या भानवशीवर भाकरीचं टोपलं, कालवणाचं भगुनं, मिठाचं मडकं, काडेपेटी. चुलीची ऊब मागं जायची म्हणून तिथलं कालवण रात्री शेतातनं उशिरा आलेल्या माणसालाही कोमट मिळायचं. रोज सकाळी चुलीला पोतेरं देताना भानवशीलाही द्यायचं, आणि सणाला तिच्या कडेनं बोटांनी पांढऱ्या मातीचे ठिपके. मँटल आणि भानवस या मला सख्ख्या बहिणी वाटतात, एक बैठकीत गेली आणि नटली, दुसरी स्वयंपाकघरातच राहून राबली.

मग आपली नटायची जागा कोणती, तर देवळी. मराठवाड्यातल्या जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन हात जाड, वर लाकडाच्या तुळया आणि पांढऱ्या मातीचं माळवद. एवढ्या जाड भिंतीत बांधतानाच हातभर कोनाडा सोडायला काही खर्च नाही, उलट दगड वाचतो. त्यात दिवा ठेवायचा, वारा लागत नाही. हीच ती देवळी. तिच्या कपाळावर काजळीचा काळा पट्टा, सारवलं तरी पुन्हा उमटायचा. आमच्याकडं उर्दू बोलणाऱ्या घरांत तिलाच ताक म्हणतात. राजेरजवाड्यांनी याच कोनाड्याची शोभा केली, मुघल वास्तूंमधे भिंतभर छोट्या कमानींच्या कोनाड्यांची रांग असते, चिनी मातीची भांडी, सुरया मांडायला, तिला चिनीखाना म्हणतात. म्हणजे ज्या चिनी भांड्यांनी युरोपातली फळी भरली त्यांनीच इकडं कोनाडे भरले. आणि आपल्या दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे, निळ्या-पांढऱ्या फरशांच्या तुकड्यांवरनं नाव पडलेला, गोवळकोंड्याचा शेवटचा राजा तानाशाह १६८७ नंतर तिथंच कैदेत होता. शाळेच्या सहलीत गेलेल्यांनी तो नुसता कैदखाना म्हणून पाहिलेला असतो, पुढच्या वेळी भिंतीकडं बघा.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळं आमच्याकडं शोपीसची हौस हैदराबादच्या वाटेनं आली असं मला वाटतं. काळ्या जस्तावर चांदीची तार ठोकलेली बिदरीची फुलदाणी, पानदान, या वस्तू आजही जुन्या घरांत निघतात. बिदरीचा तो काळा रंग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीनं येतो. आणि संभाजीनगरचं हिमरू, सूत आणि रेशमाचं विणकाम, टीपॉयवर टाकायला, भिंतीवर लावायला. ताईला मी म्हटलं, व्हिक्टोरियन बायका फळीवर झालरीचं कापड टाकायच्या ना, मग तुझ्या फळीवर हिमरूची पट्टी टाक, तुझ्या गावचीच आहे.

सिमेंटची घरं आली तेव्हा देवळी आधी कडप्प्याच्या फडताळात बदलली, मग काचेच्या शोकेसमधे. हॉलच्या भिंतीत तीन-चार कडप्पे, पुढं सरकती काच, आत पितळी हत्ती, शाळेतले कप, कुणाच्या तरी लग्नातला ताजमहाल. १९८० नंतर रंगीत टीव्ही आला, टीव्हीला शोकेसच्या मधोमध जागा मिळाली, आणि सगळं घर त्याच्याकडं तोंड करून बसायला लागलं, इंग्लंडात जसं जाळाकडं बसायचं तसं.

पण देवळी जायचं खरं कारण आमच्या भागात वेगळं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय ही पार्श्वभूमी पुरी होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायच्या जरा आधी, अनंत चतुर्दशीची रात्र संपत आलेली, किल्लारीचा भूकंप. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि बरीचशी त्या जाड भिंतींखाली आणि जड माळवदाखाली. नुसता दगड आणि माती, मधे भिंत बांधून ठेवणारं काही नाही, हादरा बसला की आतली बाजू आत आणि बाहेरची बाहेर. ५२ गावं नव्या जागी वसवली, नव्या घरांच्या भिंती पातळ, वर स्लॅब किंवा पत्रा. आजीचं घर पडलं नव्हतं, पण त्यानंतर त्या घरात कुणी झोपायला तयार होईना, वर्षभर सगळे अंगणात पत्र्याच्या शेडमधे. नंतर माळवद उतरवलं, भिंती उतरवल्या. पातळ भिंतीत कोनाडा निघत नाही. त्या जाड भिंतींची हळहळ करताना हे मी कधी विसरत नाही, कुणी विसरू पण नये.

तर ताईच्या फळीचं. मायला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तिनं एका मिनिटात सांगितलं, "महालक्ष्म्यांची आरास करती ना गं, तसं कर." आणि खरंच, आमच्याकडच्या गौरी-महालक्ष्म्या बघा, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी सारख्या उंचीच्या, मधे बाळ, मागं उंच पडदा, पुढं उतरत्या पायऱ्यांवर आधी समया, मग फराळाची ताटं, मग खेळण्यातली बैलगाडी, कोंबड्या, जातं. मोठं मागं, छोटं पुढं, जोडी बाजूला, नजर मधे. मराठवाड्यातल्या कुठल्याही बाईला ही मांडणी येते, तिला कुणी शिकवायची गरज नाही. फक्त एक करायचं, तीन दिवसांची आरास गच्च भरलेली शोभते, रोजच्या फळीला तेवढं पेलत नाही, निम्म्याहून जास्त जागा मोकळी सोडायची. आणि आपल्याकडची धूळ, उन्हाळ्यात दोन दिवसांत थर बसतो, म्हणून बारीक नक्षीच्या वीस वस्तूंपेक्षा पुसायला सोप्या चार बऱ्या.

दाजींनी वायरिंगचं विचारलं तेही बरोबर. ज्वाळा नुसत्या एलईडीच्या असतील तर काही नाही, पण त्यात हीटर असेल तर तो दीड-दोन हजार वॅटचा असतो, त्याला १६ अँपिअरचा सॉकेट पाहिजे, टीव्हीच्या एक्स्टेंशनवर लावायचा नाही. आणि गरम हवा वर जाते, वर टीव्ही असला तर मधली फळी चांगली पुढं आलेली पाहिजे, म्हणजे मँटलचं जुनं काम तिला पुन्हा करावं लागतं.

शेवटी ताईनं फळीवर मधे आरसा, एका बाजूला मायकडची बिदरीची सुरई, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उंचीचं पितळी गडू, खाली हिमरूची पट्टी असं केलं. दिवा मात्र तिला भिंतीतच पाहिजे होता. सुताराला म्हटलं चौकटीच्या उजवीकडं भिंत कोरून एक देवळी काढ, त्यानं टेप लावून बघितलं, भिंत चार इंची. आत जायला जागाच नाही. मग त्यानं देवळी बाहेर काढली, प्लायची सहा इंच खोल पेटी, वर कमान, आणि तळाला ज्योतीची उष्णता सोसायला कडप्प्याचा तुकडा.