मरणोत्तर समजुतींत तपासता येण्याजोगे काय?

देह सोडल्यावर जीव वाटेत किती काळ असतो, एवढा एकच प्रश्न घेतला तरी परंपरांमधले अंतर लक्षात येते. पारशी श्रद्धेनुसार तो तीन रात्री देहाच्या आसपास रेंगाळतो आणि चौथ्या दिवशी पहाटे चिन्वत पुलाशी पोचतो. तिबेटी बौद्ध दोन जन्मांमधला काळ ४९ दिवसांपर्यंतचा मानतात. थेरवादी बौद्धांच्या मते असा मधला काळच नसतो. या जन्मातला शेवटचा चित्तक्षण संपला की लगेच पुढच्या जन्मातला पहिला सुरू होतो. त्यातही बौद्धांना कायम टिकणारा आत्मा मान्य नाही, पुनर्जन्म मात्र मान्य आहे. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात जीव चार ‘समयां’च्या आत नव्या जन्मस्थानी पोचतो, आणि समय म्हणजे काळाचे सर्वांत सूक्ष्म, अविभाज्य माप. इस्लाममध्ये कयामतीच्या दिवसापर्यंत बरजखची अवस्था असते. गरुडपुराणातली यमपुरीची वाट जवळपास वर्षभराची आहे. बृहदारण्यक उपनिषद मात्र सांगते की अळी गवताच्या एका पात्याच्या टोकाला पोचते, दुसऱ्या पात्याचा आधार धरते आणि मग अंग ओढून घेते, तसाच आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो. म्हणजे एकाच परंपरेत वर्षभराची वाटही आहे आणि क्षणात होणारे देहांतरही. चार्वाकांनी तर प्रश्नच मोडीत काढला: जळून राख झालेला देह परत येणार कुठून?

यातले कोणते उत्तर खरे, हे प्रयोगाने ठरवता येत नाही. बरजख किंवा चिन्वत पूल कोणत्याही उपकरणाच्या कक्षेत येत नाहीत. पण काही समजुती या जगातच एखादी खूण सोडतात. आत्मा निघाला की वजन घटते, देहाबाहेर गेलेल्याला छतावरून खोली दिसते, लहान मुलाला आधीच्या घराची आठवण येते, असे कुणी म्हटले की तपासायला काहीतरी हाती लागते. अशा तपासण्या गेली शंभरहून अधिक वर्षे चालू आहेत. त्यांचे निष्कर्ष महत्त्वाचे आहेतच, पण त्या कुठे आणि का फसतात हे कळल्याशिवाय निष्कर्षांची किंमत कळत नाही.

सर्वांत प्रसिद्ध तपासणी वजनाची. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले डॉक्टर डंकन मॅकडूगल यांनी सहा मरणासन्न रुग्णांची खाट तराजूवर ठेवली आणि १९०७ साली निरीक्षणे छापली. पहिल्या रुग्णाचे वजन मृत्यूच्या वेळी एकदम पाऊण औंसाने, म्हणजे सुमारे २१ ग्रॅमने घटले. ‘आत्म्याचे वजन २१ ग्रॅम’ हे वाक्य तेव्हापासून फिरते आहे. उरलेल्या पाचांचे काय झाले ते सहसा सांगितले जात नाही. दोघांची मोजमापे तांत्रिक अडचणींमुळे त्यांनी स्वतःच बाद ठरवली आणि बाकीच्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. तराजू सुमारे साडेपाच ग्रॅमपर्यंतचाच फरक दाखवू शकत होता. पहिला रुग्ण जिवंत असतानाच घाम आणि श्वासातल्या बाष्पामुळे तासाला सुमारे एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, गमावत होता. त्यात मृत्यूचा नेमका क्षण कोणता, हे केवळ श्वास आणि हालचाल पाहून ठरवलेले. श्वास थांबला की फुप्फुसांतून होणारे रक्ताचे थंड होणे थांबते आणि त्वचेवर घाम वाढू शकतो, अशी हरकत त्याच वर्षी दुसऱ्या एका डॉक्टरांनी घेतली होती. मॅकडूगल यांनी पुढे १५ कुत्र्यांवर हाच प्रयोग केला आणि वजनात घट आढळली नाही. कुत्र्यांना आत्मा नसतो, असा अर्थ त्यांनी लावला. वजन घटले तरी समजूत सिद्ध आणि न घटले तरी सिद्ध, अशी मांडणी असली की प्रयोगाला काही ठरवण्याची ताकदच उरत नाही.

मॅकडूगल यांना भेडसावणारी क्षणाची अडचण आजही आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेत तो शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो आणि साठा जवळपास ठेवत नाही. हृदय बंद पडले की १० ते २० सेकंदांत शुद्ध हरपते आणि साधारण अर्ध्या मिनिटात ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विद्युतक्रियेच्या आलेखाची, रेषा सपाट होते. चार-सहा मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होऊ लागते. तरीही पेशी लगेच मरत नाहीत. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली खाटिकखान्यातून आणलेल्या ३२ डुकरांच्या मेंदूंत, मृत्यूनंतर चार तासांनी, रक्ताऐवजी खास द्रावण फिरवले, तेव्हा रक्तवाहिन्या आणि पेशींची काही कामे पुन्हा सुरू झाली. जाणीव दाखवणारी एकसंध विद्युतक्रिया मात्र दिसली नाही. चेतापेशींचे संदेशवहन रोखणारे घटकही द्रावणात मुद्दाम घातलेले होते. मृत्यू ही काही काळ चालणारी प्रक्रिया आहे, आणि तिच्या सुरुवातीच्या भागातून माघारी आलेली माणसेच ‘पलीकडचे’ सांगतात.

या सांगण्याला मृत्यूसमीप अनुभव म्हणतात. शांत वाटणे, अंधाऱ्या बोगद्यापलीकडे उजेड, देहाबाहेर तरंगणे, गेलेली माणसे भेटणे, परत फिरण्याची सीमा, असे त्याचे नेहमीचे घटक. कुणाचा अनुभव यात मोजायचा याला माप हवे, म्हणून मानसोपचारतज्ज्ञ ब्रूस ग्रेसन यांनी १९८३ साली १६ प्रश्नांची श्रेणी तयार केली. प्रत्येक प्रश्नाला ० ते २ गुण, एकूण ३२, आणि ७ किंवा अधिक मिळाले तर अनुभव धरायचा. नेदरलँड्समधल्या दहा रुग्णालयांतल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदय थांबून वाचलेल्या या रुग्णांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला. हृदय थांबणे सगळ्यांचेच सारखे, मग बाकीच्या ८२ टक्क्यांना तो का आला नाही? या आकड्याकडे मला जास्त लक्ष द्यावेसे वाटते. केवळ ऑक्सिजन कमी पडला म्हणून असे होते, या स्पष्टीकरणालाही तो आडवा येतो.

देहाबाहेरून पाहिल्याचा दावा तपासण्याची युक्ती सरळ आहे. छताजवळ फळी लावायची आणि तिच्यावर असे चित्र ठेवायचे की ते फक्त वरूनच दिसेल. ते चित्र डॉक्टरांना आणि परिचारिकांनाही माहीत नसावे, नाहीतर त्यांच्या बोलण्यातून ते रुग्णाच्या कानी पडू शकते. सॅम पार्निया यांच्या गटाने १५ रुग्णालयांत सुमारे एक हजार फळ्या लावल्या. २०१४ च्या अहवालात हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना होत्या, पण मुलाखतीला पोचले १४० जण आणि सविस्तर मुलाखत झाली १०१ जणांची. बाकीचे दगावले होते किंवा बोलण्याच्या स्थितीत नव्हते. त्यांतल्या ९ टक्क्यांना मृत्यूसमीप अनुभव आला होता आणि दोघांनी आपल्यावरचे उपचार पाहिल्या-ऐकल्याचे सांगितले. मात्र फक्त २२ टक्के घटना फळी असलेल्या जागी घडल्या होत्या आणि हे दोघे त्यांत नव्हते. इतक्या खटपटीनंतर फळीची कसोटी लागलीच नाही. दोघांपैकी एकाचे वर्णन नोंदींशी बरेच जुळले, पण वर्णन जुळणे आणि लपवलेले चित्र ओळखणे यांत मोठा फरक आहे. बेशुद्ध दिसणाऱ्या माणसाचे ऐकणे शाबूत असू शकते आणि ऐकलेल्यावरून मन दृश्य रचू शकते.

म्हणून पुढच्या अभ्यासात फळी रुग्णापर्यंत नेली. हृदय बंद पडल्याची सूचना मिळताच कर्मचारी धावत उपकरण घेऊन जात. त्यात पडद्यावर एखादे चित्र उमटे आणि कानाला लावलेल्या हेडफोनमधून तीन फळांची नावे ऐकवली जात. २०२३ च्या या अहवालात ५६७ घटना, त्यांतले ५३ वाचले, २८ जणांची मुलाखत झाली आणि ११ जणांना त्या काळातले काही आठवत होते. चित्र कुणीच ओळखले नाही, फळांची नावे एकाने सांगितली. दुसरा निष्कर्ष अधिक अनपेक्षित होता. सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरते ठेवण्याचा उपचार, सुरू असताना काही रुग्णांच्या ईईजीत जवळपास नेहमीसारख्या लहरी ३५ ते ६० मिनिटांनंतरही उमटल्या. छातीवरच्या दाबाने नेहमीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतकेच रक्त फिरते, पण मेंदूला अधूनमधून जागे करायला तेवढे पुरत असावे. ‘मेंदू पूर्ण बंद असताना हे दिसले’ असे म्हणताना म्हणूनच सावध राहावे लागते. अनुभव नेमका केव्हा घडला, शुद्ध हरपताना, सीपीआरदरम्यान की शुद्धीवर येताना, हे आठवणीवरून कळत नाही. स्वप्नात गेलेला वेळ जागे झाल्यावर नीट सांगता येत नाही, तसेच इथेही होते.

अनुभवाचे काही तुकडे मृत्यूच्या जवळ न जाताही तयार होतात. वेगाने फिरणाऱ्या यंत्रात वैमानिकांच्या डोक्याकडचे रक्त उतरते तेव्हा नजर कडांकडून मिटत जाते आणि मध्ये उजेडाचे वर्तुळ उरते. २००२ साली ओलाफ ब्लँके यांच्या गटाने फेफऱ्याच्या एका रुग्णाच्या मेंदूला, उजव्या कानाच्या वर-मागच्या भागात, सौम्य वीजप्रवाह दिला, तेव्हा तिला आपण वर तरंगत असून खाली आपलाच देह दिसतो आहे असे वाटले. देहाची जागा आणि तोल यांचा हिशेब मेंदू याच भागात जुळवतो. लंडनमध्ये २०१८ साली निरोगी स्वयंसेवकांना डीएमटी हे भ्रमकारक द्रव्य दिले, तर सर्व १३ जणांचे ग्रेसन श्रेणीतले गुण ७ च्या वर गेले. मिशिगनमधल्या जिमो बोर्जिगिन यांच्या गटाला २०१३ साली नऊ उंदरांत, हृदय थांबल्यावर पहिल्या ३० सेकंदांत, गॅमा लहरींची (मेंदूतल्या वेगवान विद्युतलहरींची) जोरदार उसळी आढळली. २०२३ मध्ये जीवनरक्षक यंत्रणा काढलेल्या चार रुग्णांपैकी दोघांत तशीच उसळी दिसली. ते दोघे वाचले नाहीत, त्यामुळे त्या क्षणी त्यांना काही जाणवले का हे विचारण्याची सोय नव्हती. दोघांनाही आधी फेफऱ्याचे झटके येऊन गेले होते, हेही ध्यानात ठेवायला हवे. अनुभवाची यंत्रणा मेंदूत सापडली म्हणून अनुभवाचा अर्थ निकालात निघाला, असे मी मानत नाही. पण मेंदूशिवाय अनुभव झाला, याला सध्या पुरावा नाही.

अनुभवाचा तपशील संस्कृतीप्रमाणे बदलतो, आणि मला हा सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा धागा वाटतो. सतवंत पसरिचा आणि इयन स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली भारतातले १६ अनुभव मांडले. अमेरिकेतल्या कथनांत मृत नातेवाईक भेटतात आणि परतण्याचे कारण बहुधा अपुरे राहिलेले काम किंवा मागे राहिलेली माणसे असते. भारतीय कथनांत यमदूत नेतात, समोर वही किंवा कागद असतो आणि चुकीच्या माणसाला आणले असे कळल्यावर परत पाठवतात. वरून स्वतःचा देह पाहणे या भारतीय कथनांत जवळपास नाही. सीमा आणि माघार दोन्हीकडे सारखी. तिथे कोण उभे आहे, ते आधी ऐकलेल्या कथांनी ठरते.

पुनर्जन्माच्या आठवणींतही हेच दिसते. व्हर्जिनिया विद्यापीठात स्टीव्हन्सन आणि त्यांच्या नंतरच्या संशोधकांनी अडीच हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी केल्या. मुले साधारण दोन ते पाच वर्षांची असताना बोलू लागतात आणि सात-आठव्या वर्षापर्यंत बहुतेक विसरतात. पुनर्जन्मात स्त्री-पुरुष बदल होत नाही असे लेबनॉनमधले द्रूझ पंथाचे लोक मानतात, तर त्यांच्याकडे लिंगबदलाची प्रकरणे आढळली नाहीत. असा बदल शक्य मानणाऱ्या म्यानमारमध्ये ती भरपूर मिळाली. तपासणीतली सर्वांत मोठी अडचण क्रमाची आहे. बहुतेक प्रकरणांत संशोधक पोचण्याआधीच दोन्ही कुटुंबे भेटलेली असतात, आणि मग मूल आधी काय म्हणाले होते व भेटीनंतर काय म्हणू लागले, हे वेगळे काढता येत नाही. नोंद करायची असेल तर मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह, कुठेही चौकशी करण्यापूर्वी लिहून ठेवावे लागतात. ‘तुझं नाव रामच होतं ना?’ असे उत्तर पुरवणारे प्रश्न टाळावे लागतात. चुकलेली विधानेही जुळलेल्यांइतक्याच काळजीने टिपावी लागतात. हे सगळे पाळलेली प्रकरणे फार थोडी आहेत.

मग इतक्या वेगळ्या समाजांत ‘काहीतरी उरते’ ही कल्पना का? जेसी बेरिंग आणि डेव्हिड ब्योर्कलंड यांनी २००४ साली मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला. मगर उंदराच्या पिल्लाला खाते. मग प्रश्न: त्याला आता पाणी प्यावे लागेल का? त्याचा मेंदू चालतो का? त्याला आईची आठवण येते का? पिण्याची गरज संपली हे लहानांनाही बऱ्यापैकी कळत होते, पण आठवण आणि प्रेम उरते असे पुष्कळ जण सांगत. वय वाढले तसे हे प्रमाण घटले. त्यावरून संशोधक म्हणाले की ही समजूत शिकवणीआधीची आहे, कारण जाणीव नसण्याची कल्पना मनाला करताच येत नाही. पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये सात आणि अकरा वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात चित्र उलटे आले: मोठ्या मुलांत ‘उरते’ म्हणणारे जास्त होते, आणि गोष्टीत डॉक्टरऐवजी धर्मगुरू आला की सगळ्यांतच वाढले. उपजत कल आणि शिकवण दोन्ही असावेत. कुणाचा वाटा किती यावर अजून वाद आहे.

मादागास्करच्या किनाऱ्यावरच्या वेझो कोळ्यांमध्ये रिटा आस्तुती आणि पॉल हॅरिस यांनी हाच प्रश्न प्रौढांना विचारला. एका गोष्टीत माणूस आजारी पडून दवाखान्यात मरतो आणि त्याचे प्रेत दिसते. दुसरीत मृताच्या थडग्याचे काम कुटुंबाने पुरे केलेले असते आणि मुलांच्या स्वप्नात तो येतो. डोळे दिसतात का, कान ऐकतात का, नाव आठवते का, असे प्रश्न दोन्हींनंतर सारखेच. थडग्याच्या गोष्टीनंतर मन उरते असे सांगणारे अधिक निघाले, आणि तरीही हीच माणसे देह कुजतो हे शंका न ठेवता सांगत होती.