साठ अक्षरांचा नियम आला कुठून?

'वेबपानाचं शीर्षक साठ अक्षरांच्या आत ठेवा' हा सल्ला एसईओ (सर्च इंजिनाच्या निकालात पान वर आणण्याचं तंत्र) शिकायला बसलं की पहिल्याच दिवशी कानावर पडतो, तोही गूगलचा नियम म्हणून. पण तसा सल्ला गूगलच्या आधीपासून दिला जातोय. नोव्हेंबर १९९५ मध्ये वेबपानं लिहिण्याच्या भाषेचा, म्हणजे एचटीएमएल २.० चा, दस्तऐवज आरएफसी १८६६ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतला क्रमांक) म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात टायटल टॅग, म्हणजे पानाचं शीर्षक सांगणारी खूण, सक्तीचा होता आणि लांब शीर्षक काही ठिकाणी तोडलं जाऊ शकतं, म्हणून ते ६४ अक्षरांपेक्षा कमी असावं, अशी सूचनाही होती. गूगल कंपनी निघाली १९९८ मध्ये.

त्याच दस्तऐवजातली दुसरी सूचना मला जास्त मोलाची वाटते. नुसतं 'प्रस्तावना' असं शीर्षक पानाबाहेर निरर्थक ठरतं, त्याऐवजी 'एचटीएमएल घटकांची प्रस्तावना' म्हणा, असं तिथे उदाहरणासह सांगितलं होतं. टायटल टॅगमधला मजकूर पानाच्या अंगावर दिसतच नाही. तो दिसतो खिडकीच्या पट्टीवर, बुकमार्कमध्ये, हिस्टरीत, म्हणजे पानाच्या बाहेर.

सर्च इंजिनांनी नेमकं हेच हेरलं. डिसेंबर १९९३ मध्ये स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर यांनी सुरू केलेलं जंपस्टेशन पानांची फक्त शीर्षकं आणि मथळे नोंदवायचं. सगळा मजकूर साठवण्याची ऐपत त्या यंत्रात नव्हती. १९९४ मध्ये वेबक्रॉलर हे सर्च इंजिन पूर्ण मजकूर शोधू लागलं, तरी शीर्षकाचं वजन टिकलं. गूगलचे संस्थापक ब्रिन आणि पेज यांच्या १९९८ च्या शोधनिबंधात तर म्हटलंय की, लोकप्रिय विषयांसाठी नुसत्या शीर्षकांत शोधून पेजरँकने (दुव्यांवरून पानाचं महत्त्व ठरवण्याची त्यांची पद्धत) क्रम लावला तरी उत्तम निकाल मिळतात.

हे वजन कळल्यावर लोकांनी शीर्षकात कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात ते शब्द, कोंबायला सुरुवात केली. दुसऱ्या टोकाला, 'अनटायटल्ड डॉक्युमेंट' हे सॉफ्टवेअरने आपोआप दिलेलं नाव न बदलताच चढवलेली पानंही होती. दोन्हींत वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नव्हतं.

आज सर्चच्या निकालात शीर्षक तुटतं ते रुंदीवर, अक्षरांच्या संख्येवर नाही. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात घ्यावं. 'क्षि' हे संगणकाच्या हिशेबात चार चिन्हं आहेत, पण पडद्यावर जागा खातं साधारण एका अक्षराची. इंग्रजीसाठी केलेली मोजणीची साधनं इथे सर्रास चुकीचा इशारा देतात.

ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने निकालातली शीर्षकं ठरवण्याची पद्धत बदलली आणि ओरड झाली. सप्टेंबरमध्ये कंपनीने सांगितलं की ८७ टक्के वेळा मूळ टायटल टॅगच वापरला जातो. उरलेल्यांत अर्धवट रिकामी, मागच्या वर्षाचा आकडा तसाच राहिलेली, साइटभर एकच असलेली शीर्षकं येतात. त्यांच्या जागी गूगल बरेचदा पानावरचा मुख्य मथळा, म्हणजे एच१, उचलतं. त्यामुळे टायटल आणि एच१ आता एकाच बैठकीत लिहावे लागतात.