ठणठणीत कुत्र्याच्या रक्तात काय दडलंय?

"खातंय-पितंय, पळतंय, रात्रीची राखण करतंय, मग त्याचं रक्त कशाला तपासायचं?" परभणी असो की उदगीर, पशुवैद्यकानं सुई हातात घेतली की मालकाचा हा सवाल ठरलेला. सवाल रास्तच आहे. पण भूक आणि पळ बघून तब्येत जोखायची ही रीत परोपजीवींच्या बाबतीत फसते. कुत्रं मेलं तर आत राहणाऱ्याचाही कारभार आटोपतो, त्यामुळे गपचूप राहण्यातच त्याचा फायदा असतो.

या रक्तातल्या भाडेकरूंना आत आणतो गोचीड. रक्त पिऊन टम्म फुगलेली, एरंडीच्या बीएवढी राखाडी मादी सगळ्यांनी पाहिलेली असते. पण कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे, बाकीचे भिंतीत. हा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढतो आणि दर वेळी पोट भरलं की खाली उतरून फटीत शिरतो. मादी तिथंच हजारांच्या घरात अंडी घालते. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या भिंती आणि वर्षभराची ऊब म्हणजे त्याची चंगळच. नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही ते यामुळेच.

या गोचिडातून येणारा एर्लिकिया हा खरं तर जिवाणू. पण तो पांढऱ्या पेशींच्या आत घुसून परोपजीवीसारखाच राहतो. १९३५ मध्ये अल्जीरियातल्या कुत्र्यांमध्ये तो प्रथम सापडला. सुरुवातीला दोन-चार आठवडे ताप, सुस्ती. मालक म्हणतो, ऊन लागलं असेल. बरेचदा कुत्रं औषधाशिवाय सावरतंही, आणि इथूनच खरी लपाछपी सुरू होते. पुढं कित्येक महिने, कधी कधी वर्षानुवर्षं, बाहेरून काही दिसत नाही. फक्त तपासणीत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, कमी भरतात. मग काही कुत्र्यांचा एके दिवशी घोळणा फुटतो आणि रक्त थांबत नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराची शेकडो कुत्री या रोगानं गेली, तेव्हा कुठं जगानं त्याच्याकडे नीट पाहिलं.

दुसरा बबेसिया, तांबड्या पेशींत राहणारा. त्याची गिब्सोनी ही जात १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात आणि नंतर कोल्ह्यातही सापडली. एकदा शिरला की बहुधा तो पुरता जात नाही. प्लीहा त्याला आटोक्यात ठेवते. पण कुत्री व्यायली, ऑपरेशन झालं किंवा दुसरं दुखणं आलं की हा डोकं वर काढतो. एरवी रक्तात तो इतका विरळ असतो की काचपट्टीवर सापडायचा नाही. म्हणून जाणते पशुवैद्यक कानाच्या कडेचा थेंब घेतात; तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत तो मिळण्याची शक्यता जास्त. रक्तातला त्याचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी याहून बारीक पकडते.

तिसऱ्याची, म्हणजे हेपॅटोझूनची, तऱ्हाच न्यारी. गोचीड चावल्यानं तो येत नाही, गोचीड खाल्ल्यानं येतो. कुत्रं दातांनी अंग खाजवताना गोचीड उपटून गिळतं, आपल्याला वाटतं साफसफाई चाललीय, आणि लागण नेमकी तेव्हाच होते. काढलेले गोचीड कुत्र्यापुढं टाकू नयेत, नखानं चिरडूही नयेत. स्पिरिटच्या बाटलीत टाकावेत.

चाचणीत काही सापडलं म्हणजे लगेच गोळ्या, असंही नाही. प्लेटलेट ठीक असतील तर थांबून पुन्हा तपासणं मला जास्त पटतं. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावं लागतं. न दिसणाऱ्या रोगात गंमत अशी, की औषध लागू पडलं हेही डोळ्यांना दिसत नाही. मग आठवड्यात पाकीट कोपऱ्यात जातं.

रक्तातले हे तिघे सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत. आतड्यातला एक मात्र जातो: हायडॅटिडचा, म्हणजे पाण्याच्या गाठीच्या रोगाचा, फीतकृमी (फितीसारखा चपटा जंत). लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर. कुत्र्याच्या पोटात असे हजारो असले तरी त्याला ना जुलाब, ना अशक्तपणा. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात, आणि हातावाटे माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुप्फुसात पाण्यानं भरलेली गाठ वर्षानुवर्षं वाढत राहते. विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली धरली तरी ही अंडी दुसऱ्या काही फीतकृमींच्या अंड्यांसारखीच दिसतात, त्यामुळे तिथंही ओळख पटत नाही.

कुत्र्याला हा जंत मिळतो शेळ्या-मेंढ्यांच्या अवयवांतून. कंदुरीला बोकड कापला, काळजावर पाण्याचे फोड दिसले, की तो तुकडा हमखास कुत्र्यापुढं भिरकावला जातो. तसं न करता तो अर्धा तास उकळावा किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरावा. पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं दिलेलं प्राझिक्वांटेल आतड्यातले जंत मारतं, अंडी मारत नाही. म्हणून औषधानंतरचे दोन-तीन दिवस कुत्र्याला बांधून ठेवावं आणि त्याची विष्ठाही पुरावी.