चंगीझखान आणि तैमूरलंग: एकाच माळेचे मणी नाहीत

दिल्लीची कत्तल चंगीझखानाने केली असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं, आणि तो मुसलमान होता हे तर नावात 'खान' आहे म्हणून धरूनच चालतात. दोन्ही चूक. दिल्ली लुटली तैमूरने, डिसेंबर १३९८ मध्ये, तेव्हा चंगीझखानाला जाऊन १७१ वर्षं झाली होती. चंगीझखान तेंग्री म्हणजे आकाशदेवाला मानणारा होता, मुसलमान तैमूर होता. घोडे, धनुष्यबाण, कवट्यांचे ढीग, मध्य आशिया या सगळ्यामुळे दोघं आपल्या डोक्यात एकत्र झालेत. पण दोघांचं राज्य मुळातच वेगळ्या पद्धतीने उभं होतं आणि ते कळल्याशिवाय मंगोलांबद्दल काहीच नीट कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

चंगीझखान म्हणजे तेमुजिन, साधारण ११६२ चा जन्म, ओनोन नदीच्या परिसरातला. वडिलांना तातारांनी विष घालून मारलं, मग स्वतःच्या टोळीनेच या कुटुंबाला वाऱ्यावर सोडलं, आई होएलुनने पोरं कशीबशी वाढवली, पुढे बायको बोर्तेला मेर्किट टोळीवाले पळवून घेऊन गेले. नातं, टोळी, भाऊबंदकी यावर विसंबून राहता येत नाही हे त्या माणसाने लहानपणापासून भोगलेलं होतं आणि मला वाटतं त्याच्या सगळ्या राज्यकारभाराचं मूळ तिथे आहे. १२०६ मध्ये सगळ्या टोळ्यांच्या सभेने, कुरुलताईने, त्याला चंगीझखान ही पदवी दिली आणि त्याने पहिलं मोठं काम केलं ते टोळ्या मोडण्याचं. सैन्य १०, १००, १०००, १०,००० अशा तुकड्यांत बांधलं, हरवलेल्या टोळ्यांची माणसं वेगवेगळ्या तुकड्यांत विखरून टाकली, आणि सुबुताईसारखे सेनापती खानदान बघून नाही तर कर्तृत्व बघून वर आले. उइगुर लिपी घेऊन मंगोल भाषा लिहायला सुरुवात केली कारण त्याला स्वतःला लिहिता येत नव्हतं तरी हिशेब आणि हुकूम लेखी लागतात हे त्याला कळत होतं.

आता क्रौर्य. ते झाकायचं कारण नाही. १२१८ मध्ये ख्वारज्म या मध्य आशिया-इराणमधल्या मोठ्या मुसलमान राज्याच्या ओत्रार शहराच्या सुभेदाराने मंगोलांचा व्यापारी तांडा कापून काढला, जाब विचारायला गेलेल्या वकिलांपैकी एकाला ख्वारज्मच्या शाहने मारलं, आणि त्यानंतर बुखारा, समरकंद, उर्गेंच, मर्व, निशापूर एकामागून एक पडले. मर्व आणि निशापूर १२२१ मध्ये अक्षरशः उजाड झाली. जुने इतिहासकार लाखांचे आकडे देतात, ते फुगवलेले असणार कारण एवढी वस्तीच त्या शहरांत असणं कठीण होतं, पण आकडा निम्म्यावर आणला तरी तो नरसंहारच राहतो. त्यातही ढोबळ नियम असा होता की शरण आलात तर कर भरा आणि जगा, लढलात तर संपलात, आणि कारागीर, लेखनिक, इंजिनियर यांना शक्यतो मारायचं नाही, सोबत न्यायचं.

याच मोहिमेत तो भारताच्या दारात आला होता. ख्वारज्मचा राजपुत्र जलालुद्दीन पळत पळत सिंधूपर्यंत आला, १२२१ मध्ये काठावर हरला आणि घोड्यासकट नदीत उडी टाकून पलीकडे निघून गेला. दिल्लीच्या इल्तुतमिशने त्याला आसरा दिला नाही, फार शहाणपणाचा निर्णय होता तो. चंगीझखान परत फिरला. पुढच्या पिढ्यांतल्या मंगोलांनी १२४१ ला लाहोर लुटलं, नंतर थेट दिल्लीवर धडका मारल्या, पण देवगिरीच्या लुटीच्या जोरावर तख्त मिळवलेल्या अल्लाउद्दीन खिलजीने त्यांना परतवलं. १३०३ मध्ये तर तो सिरीच्या छावणीत कोंडला गेला होता, तरी दिल्ली गेली नाही.

१२२७ मध्ये चंगीझखान वारला आणि इथेच खरा फरक दिसतो. राज्य कोसळलं नाही, उलट वाढलं. त्याचा मुलगा आणि वारस ओगेदेईच्या काळात घोडे बदलण्याच्या ठाण्यांची डाकव्यवस्था, याम, पक्की झाली, सरकारी कामाच्या माणसाला पायझा नावाचा बिल्ला मिळायचा आणि तो दाखवला की ठाण्यावर घोडा, जेवण, मुक्काम मिळायचा. बौद्ध, ख्रिश्चन, मुसलमान, ताओ अशा सगळ्या धर्मगुरूंना करमाफी होती. नातू हुलागूने १२५८ मध्ये बगदाद बुडवलं, खलिफाला मारलं, आणि त्याच हुलागूच्या पैशावर इराणमधल्या मराघ्याला खगोलशास्त्रज्ञ नासिरुद्दीन तुसीची वेधशाळा उभी राहिली. दुसरा नातू कुबलाई चीनचा सम्राट झाला, त्याचं युआन घराणं १३६८ पर्यंत टिकलं. साम्राज्याचे चार तुकडे झाले, आपसात लढलेही, पण प्रत्येक तुकडा म्हणजे एक चालतं राज्य होतं.

तैमूर यातल्याच एका मोडकळीला आलेल्या तुकड्यातला, चंगीझखानाचा मुलगा चगताई याच्या वंशातल्या खानांच्या मुलखातला. समरकंदच्या दक्षिणेला केश म्हणजे आजचं शहरिसब्ज तिथला, बारलास टोळीचा. ही टोळी मूळची मंगोल पण तोवर तुर्की बोलणारी आणि मुसलमान झालेली. जखमांमुळे तो लंगडा झाला म्हणून तैमूरलंग, आणि १९४१ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी समरकंदची त्याची कबर उघडली तेव्हा उजवा पाय खरंच अधू असल्याचं दिसलं. १३७० मध्ये सत्ता हातात आली पण त्याने स्वतःला खान म्हणवून घेतलं नाही, घेऊच शकत नव्हता, कारण त्या मुलखात खान फक्त चंगीझखानाच्या वंशातलाच होऊ शकतो हे सगळ्यांना मान्य होतं. मग त्याने काय केलं, तर चंगीझवंशातला एक नामधारी खान गादीवर बसवला, स्वतः अमीर म्हणजे सरदार राहिला, आणि त्याच वंशातल्या सराय मुल्क खानमशी लग्न करून 'गुरगान' म्हणजे जावई ही पदवी अभिमानाने लावली. ज्याच्या नावाने अर्धं जग थरथरायचं त्याला आपल्या अधिकारासाठी दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा वंश उसना घ्यावा लागला, चंगीझखानाचा दबदबा किती होता हे यावरून कळतं.

तैमूरच्या मोहिमा बघितल्या तर तो तेच तेच मुलूख पुन्हा पुन्हा जिंकत होता. जिंकायचं, लुटायचं, समरकंदला परत, मागे बंड, पुन्हा स्वारी. १३८७ मध्ये इस्फहानने शरणागती पत्करल्यावर वसुली करणाऱ्यांना मारलं आणि मग तिथे मुंडक्यांचे मनोरे रचले गेले. दिल्लीच्या लढाईआधी त्याने छावणीतले हिंदू कैदी मारले, तो आकडा त्याच्याच बाजूच्या इतिहासकारांनी १ लाख असा लिहिलाय. दिल्ली जिंकून सुमारे १५ दिवसांत तो परत निघाला, राज्य करायला आलाच नव्हता तो, कारागीर मात्र समरकंदला घेऊन गेला. आणि त्याने सर्वात जास्त मोडलं ते मुसलमान राज्यांना: १४०१ ला दमास्कस आणि बगदाद, १४०२ ला अंकाऱ्याजवळ उस्मानी सुलतान बायझीद कैद. व्होल्गाकाठचं मंगोल राज्यही त्यानेच खिळखिळं केलं. म्हणजे मंगोलांचा वारसा सांगणाऱ्यानेच त्या राज्याची राजधानी सराय जाळली.

१४०५ मध्ये चीनवर निघालेला असताना तो ओत्रारला मेला, हो, तेच ओत्रार. पोरानातवंडांत लगेच मारामारी सुरू झाली. मुलगा शाहरुखने हेरातमधून बरंच सावरलं, नातू उलुगबेगने समरकंदला वेधशाळा बांधली, चित्रं, ग्रंथ, इमारती या बाबतीत हे घराणं खरंच थोर निघालं, पण मुलूख आक्रसतच गेला.

बाबर बापाकडून तैमूरचा आणि आईकडून चंगीझखानाचा वंशज, पण मुघलांनी मिरवला तो तैमूर, शाहजहानने तर स्वतःला तैमूरच्या पदवीवरून दुसरा साहिबकिरान, म्हणजे शुभ ग्रहयोगाचा धनी, म्हणवून घेतलं. यालाही कारण आहे. बाबराच्या हातून समरकंद काढून घेणारा उझबेक शैबानीखान हा चंगीझखानाच्या थोरल्या मुलाच्या, जोचीच्या वंशातला होता. त्याने हाकललं म्हणून बाबर १५०४ ला काबूलला आला आणि तिथून १५२६ ला पानिपतला. आज मंगोलियात चंगीझखानाचा ४० मीटर उंच घोडेस्वार पुतळा आहे आणि ताश्कंदच्या मधल्या चौकात, जिथे पूर्वी कार्ल मार्क्स होता तिथे, उझबेकिस्तानने तैमूरला बसवलंय, ज्याच्या वंशजांना उझबेकांनीच समरकंदमधून बाहेर काढलं होतं.